लेकराच्या ताब्याची केस: आरोप खरा का खोटा कसा बघायचा

ताब्याचं भांडण कोर्टात गेलं की दोन्हीकडून आरोप सुरू होतात, तो पिऊन मारतो, ती लेकरू टाकून गेली, अन् अर्ज वाचला की दोघांचंही खरंच वाटतं. मी बीडकडं वकिलांसाठी अशी माहिती काढायचं काम करतो म्हणून सांगायलोय.

आधी आरोप बारीक करून घ्या. "लक्ष देत नाही" म्हणजे काय, कधी, कुठं, कोणी बघितलं. मग भांडणाच्या आधीचे कागद शोधा, ते केससाठी कोणी बनवलेले नसतात: शाळेचा हजेरीपट, अंगणवाडीतली वजनाची नोंद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या.

एका केसमधी आरोप होता की माय सहा महिने लेकराला सोडून गेली. मुकादमाची (ऊसतोडीला मजूर नेणाऱ्याची) वही बघितली तर नवरा-बायको एकाच कोयत्यावर, म्हणजे जोडीनं, ऊसतोडीला गेलेले, उचल (कामाआधी घेतलेले पैसे) दोघांची मिळून, अन् लेकरू आजीपाशी. माय गेली हे खरंच होतं, पण बापही त्याच ट्रॅक्टरमधी बसून गेला होता, ते अर्जात कुठंच नव्हतं.

शेजारी, मास्तर यांना "तो मारतो ना?" असं विचारायचंच नाही. सकाळी शाळेत कोण सोडतं, आजारपणात रात्री कोण जागतं, हे विचारा अन् गप्प ऐका. भावकीतला माणूस कोणाच्या बाजूचा आहे तेही लिहून ठेवा.

लेकराची उलटतपासणी घरी करू नका, व्हिडिओ तर अजिबात काढू नका, पढवलेलं लेकरू समुपदेशकाला बऱ्याचदा कळतं अन् खरं बोलणारंही मग खोटं ठरतं. लैंगिक अत्याचाराचा संशय असला तर स्वतः तपास करत बसू नका, १०९८ ला (लेकरांच्या मदतीचा फोन नंबर) नाहीतर पोलिसांना कळवा, पोक्सोखाली (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवणं बंधनकारकच आहे.

फोनमधले मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर मूळ फोन जपा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (फोन-कॉम्प्युटरमधल्या पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागतं. नुसते स्क्रीनशॉट घेऊन गेलात तर समोरचा वकील तिथंच अडवतो.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं लेकरू सहसा आईकडं म्हटलंय, पण कलम १३ मधी लेकराचं हित सगळ्यात वर आहे. म्हणून आपल्याच पक्षकाराची चूक सापडली तरी लपवू नका, आधीच वकिलाला सांगा.

अन् भेटीच्या दिवसाची वही ठेवा, कोण किती वाजता आलं, लेकरू जेवलं का. रडलं तर रडलं एवढंच लिहा, कोणामुळं ते लिहू नका.