वादळ ट्रॅक करताय? मग या चुका टाळा

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली, की आमच्या दापोली तालुक्यातल्या ग्रुपवर हवामानतज्ज्ञांचं पीक येतं. कोणी विंडी या हवामानाच्या अ‍ॅपचे जांभळे स्क्रीनशॉट टाकतो, कोणी यूट्यूबवरचा लाल बाणांचा व्हिडिओ, आणि दुसऱ्या दिवशी हीच मंडळी विचारतात, "काय रे, येतंय का नाही येत?" मी हवामान खात्यातला नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाडी आहे, त्यात नारळ-पोफळी आहेत, म्हणून मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर डोळे उघडे ठेवावे लागतात. दर हंगामात तेच तेच प्रकार बघून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

ठिपक्याकडे बघत बसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नकाशावर एक रेषा असते, ती किनाऱ्याला जिथे टेकते तिथे ठिपका असतो. लोक त्या ठिपक्यापासून आपलं गाव किती लांब ते मोजतात आणि निवांत झोपतात.

2 जून 2020. हवामान खात्याच्या निसर्ग वादळावरच्या बुलेटिनमध्ये म्हटलं होतं, हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडेल. टीव्हीपर्यंत पोचेस्तोवर हरिहरेश्वर गळालं, दमणही गळालं. उरलं अलिबाग, आणि कॅमेरे तर सगळे मुंबईच्या चौपाट्यांवर. आमच्या शेजारचे अण्णा त्या दिवशी पडवीत बसून मला समजावत होते, "अरे, अलिबाग कुठे नि आपण कुठे! मध्ये रायगड आहे की." त्यांच्या गोठ्यावर पन्हाळी पत्रे, अर्ध्या ठिकाणी जे-हुक गंजून गेलेले, आणि वारा पत्रे उचलू नये म्हणून वर जांभ्याचे चिरे ठेवलेले. कोकणात निम्म्या गोठ्यांवर दिसतील. मी म्हटलं, चिरे उतरवा आणि हुक मारून घ्या. "बघू संध्याकाळी," म्हणाले. संध्याकाळी टीव्हीवर पुन्हा अलिबागच होतं.

3 तारखेला सकाळी वारा आग्नेयेकडून होता. पोफळी वाकत होत्या, पण पत्रे जागेवर होते. दुपारी वारा दक्षिणेला सरकला, मग नैऋत्येला, म्हणजे थेट समुद्रावरून. गोठ्याचे पत्रे एका कडेने उलटे वळले आणि चिऱ्यांसकट गेले. एक चिरा पलीकडच्या न्हाणीघराची भिंत फोडून आत पडला. काकूंनी गुरं सकाळीच सोडून घराच्या मागच्या बाजूला बांधली होती, म्हणून वाचली. काकू बुलेटिन वाचत नाहीत, पण अण्णांवरही फारसा विश्वास ठेवत नाहीत.

वादळाने किनारा ओलांडला तो श्रीवर्धनजवळ, दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर, झोत 130 पर्यंत. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा इथल्या वाड्या आडव्या झाल्या, पण दापोली-मंडणगडही सुटले नाहीत. मुंबई तुलनेने थोडक्यात निभावली. हे नशीब नव्हतं. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्यामुळे वादळ ज्या दिशेला चाललंय तिकडे तोंड केलं, तर उजव्या हाताच्या बाजूला वाऱ्याच्या वेगात वादळाची स्वतःची चाल मिळवली जाते आणि डाव्या हाताला ती वजा होते. निसर्ग ईशान्येकडे चाललं होतं. उजवीकडे आम्ही, डावीकडे अलिबाग-मुंबई. आमच्याकडे वारा समुद्रावरून जमिनीवर आला, तिकडे बराचसा जमिनीवरून समुद्रात गेला.

म्हणून माझा पहिला प्रश्न "किती लांब?" हा नसतो, "कुठल्या हाताला?" हा असतो. शंकूचंही तेच. नकाशावरचा शंकू फक्त केंद्र कुठे कुठे जाऊ शकतं ते सांगतो. वारा, पाऊस आणि लाटा शंकूची परवानगी घेऊन येत नाहीत.

पुढच्याच वर्षी तौक्ते वादळ आलं. लँडफॉल, म्हणजे केंद्र जमिनीवर आलं ते, गुजरातेत, दीव-उनाच्या बाजूला, 17 मे 2021 च्या रात्री. ठिपक्यावाल्यांच्या हिशेबाने कोकण सुटलं. पण ते किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेलं आणि आख्खा किनारा त्याच्या उजव्या हाताला होता. कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला तो त्याच दिवशी, ठिपक्यापासून कितीतरी लांब.

माझ्याकडे किनाऱ्याचा कागदी नकाशा आहे. प्रत्येक बुलेटिनमधले अक्षांश-रेखांश पेन्सिलने त्यावर टिपतो आणि बाजूला वेळ लिहितो. चार ठिपके झाले की वादळाची चाल आणि वळण आपोआप दिसतं. नवशिक्यांना हे जुनाट वाटतं, त्यांना फोनवर फिरणारं चक्र हवं असतं. हवं तर बघा, पण चक्र बघून दिशा कळत नाही, डोळे दुखतात तेवढेच.

वेळ न बघणं

उपग्रहाच्या आणि मॉडेलच्या (म्हणजे संगणकाने काढलेल्या अंदाजाच्या) नकाशांवर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे. 00 म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेपाच, 03 म्हणजे साडेआठ, 12 म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. "दुपारी बाराला येणार" असा आरडाओरडा करणाऱ्यांतले निम्मे यूटीसी वाचत असतात. ज्या स्क्रीनशॉटवर तारीख-वेळ नाही तो मी ग्रुपवरून सरळ उडवतो. लोक रागावतात, रागावू देत.

नॉट आणि किलोमीटर

एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. परदेशी साइटवर 65 दिसलं म्हणून "काही नाही रे, एसटी पण एवढी पळते" म्हणणाऱ्याला सांगा की ते ताशी 120 आहे. शिवाय आपलं हवामान खातं वाऱ्याची 3 मिनिटांची सरासरी देतं आणि अमेरिकी नौदलाचं केंद्र 1 मिनिटाची, त्यामुळे त्यांचा आकडा सहसा मोठा दिसतो. दोघांत भांडण लावण्यात अर्थ नाही.

दाब पडला, दाब पडला!

हल्ली काही फोनमध्ये दाब मोजायचा सेन्सर असतो आणि त्यासाठी अ‍ॅप फुकट मिळतं. त्यामुळे एक नवीन जमात तयार झाली आहे. सकाळी दहाला 1006 होता, दुपारी चारला 1003 झाला, लगेच ग्रुपवर "दाब झपाट्याने पडतोय, काळजी घ्या".

अहो, तो रोजच पडतो. आपल्याकडे उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. तीन-चार हेक्टापास्कलचा हा फरक लख्ख ऊन पडलेल्या दिवशीही असतो. त्यामुळे तुलना करायची ती काल याच वेळी किती होता त्याच्याशी. मी एका वहीत सकाळी दहा आणि दुपारी चार असे दोनच आकडे लिहितो, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीपासून लिहितो. ऐन वेळी अ‍ॅप उतरवून काही उपयोग नाही, कारण तुलना करायला कालचा आकडाच नसतो. कालच्यापेक्षा आज चार वाजता पाच-सहाने कमी असेल, तर मग बोला. आणि हो, फोन डोंगरावरच्या घरातून खाली बंदरावर नेलात तरी आकडा बदलतो. हेही सांगावं लागतं.

दहा दिवसांचं भविष्य आणि अ‍ॅपवरून अ‍ॅपवर उड्या

जीएफएस हे अमेरिकी मॉडेल दहा दिवसांपुढची वादळं उदार हाताने काढतं. त्यातली बरीचशी तीन दिवसांत नाहीशी होतात. मग मंडळी युरोपीय मॉडेलवर जातात, तिथे काही नाही म्हणून परत इकडे, आणि शेवटी जे सगळ्यात भीतीदायक किंवा सगळ्यात सोयीचं असेल ते फॉरवर्ड करतात.

मे 2025 मध्ये असंच झालं. कोकणासमोर कमी दाबाचं क्षेत्र दिसताच बातम्यांमध्ये त्याचं "शक्ती" असं बारसंही झालं. हवामान खातं नाव देतं ते वारा ताशी 62 किलोमीटरवर गेला की. ते डिप्रेशनच, म्हणजे वादळाच्या आधीची पायरीच राहिलं आणि 24 मेला रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. नाव मिळालं ते ऑक्टोबरमधल्या वेगळ्याच वादळाला. गंमत म्हणजे, नाव नाही म्हटल्यावर बऱ्याच जणांनी लक्षच काढून घेतलं, आणि पाऊस तर आमच्याच डोक्यावर पडायचा होता.

उलटं टोकही असतं. निसर्ग डिप्रेशन झालं 1 जूनला आणि 3 जूनला दुपारी दारात होतं. दहा दिवस कुठले, अडीच दिवसही मिळाले नाहीत. डिप्रेशन झालं की मी मॉडेल बघणं बंद करतो आणि फक्त बुलेटिन वाचतो.

बावट्याचा नंबर म्हणजे मार्क नव्हेत

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या आत येतात, इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे घोळ होतो. आठपेक्षा नऊ वाईट, नवापेक्षा दहा वाईट, असं लोक परीक्षेच्या निकालासारखं धरून चालतात. 5, 6, 7 हे धोक्याचे आणि 8, 9, 10 हे महाधोक्याचे. त्या त्या तिघांत फरक आहे तो वादळ कुठून जाणार याचा. 5 आणि 8 लागला तर बंदर वादळाच्या मार्गाच्या डाव्या हाताला राहणार, 6 आणि 9 लागला तर उजव्या हाताला, 7 आणि 10 म्हणजे बंदरावरून किंवा अगदी जवळून. उजवा हात वर सांगितलाच आहे. 11 चा अर्थ आणखी वेगळा: इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे.

भरती न बघणं

आपल्याकडे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. निसर्गच्या दिवशी त्रयोदशी, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास भरती. वादळ दुपारी ओहोटीच्या पाण्यावर आलं. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, सकाळी दहाला आलं असतं तर खाडीलगतच्या घरांचं काय झालं असतं, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मोबाइलमध्ये पंचांग असतं, ते यासाठीही उघडा.

"मागच्या वेळी कुठे आलं होतं?"

2019 च्या जूनमध्ये वायू वादळ गुजरातच्या किनाऱ्याला भिडणार म्हणून लोकांना हलवलं आणि ते समुद्रातच वळलं. त्यावरचे विनोद मी अजून ऐकतो. विनोद करणाऱ्यांनी पुढच्या वादळात होडी वर ओढली की नाही, ते विचारा.

वारा थांबला म्हणून बाहेर पडणं

वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर आला की अचानक शांत होतं. पत्रे गोळा करायला जाऊ नका. वारा परत येतो, आणि उलट्या बाजूने येतो.

नेट असेपर्यंतच ट्रॅकिंग

निसर्गमध्ये वीज गेली, टॉवर गेले, आणि कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे आली नाही. रेंज गेल्यावर आमचे सगळे तज्ज्ञ एकदम गप्प झाले. त्या वेळी उपयोगी पडते ती एवढीच गोष्ट: वाऱ्याला पाठ देऊन उभं राहायचं. वादळाचं केंद्र डाव्या हाताला, किंचित पुढच्या बाजूला असतं. हे घराच्या आतून, खिडकीच्या फटीतून माडांच्या झावळ्या कुठे लोळतायत ते बघूनही जमतं, त्यासाठी अंगणात जायला नको. दर अर्ध्या तासाने दिशा लिहायची. आग्नेय, दक्षिण, नैऋत्य अशी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सरकत असेल तर तुम्ही उजव्या हाताला आहात, आणि समुद्रावरचा वारा अजून यायचा आहे. आग्नेय, पूर्व, ईशान्य अशी उलटी सरकत असेल तर डाव्या. दिशा तीच, जोर वाढतोय आणि दाब खाली चाललाय, तर केंद्र तुमच्याच रोखाने येतंय. मग वही मिटा आणि सगळ्यांना घेऊन पक्क्या भिंतीच्या मधल्या खोलीत बसा.