लॉनवर तपकिरी डाग? आधी मूठभर गवत ओढून बघा

ऑगस्ट उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. लॉनवर तपकिरी डाग पडलेत, कुठलं औषध मारू? मी विचारते, मुळं बघितलीत का? उत्तर ठरलेलं: मुळं नाही बघितली, पण दोन फवारण्या झाल्यात. पुण्यातल्या बंगल्यांची आणि सोसायट्यांची लॉन मी बरीच वर्षं सांभाळते आहे, आणि दरवर्षी हेच ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. उभ्या उभ्या डाग बघून काहीच कळत नाही. खाली बसावं लागतं, माती हाताला लावून घ्यावी लागते.

डागाच्या मधलं मेलेलं गवत सोडून द्या. कडेचं, अर्धवट पिवळं झालेलं गवत मुठीत धरा आणि ओढा. घट्ट राहिलं तर कारण पाणी, खत नाहीतर कापणीत शोधायचं. पाती बुडाशी कुजून हातात आली आणि मुळं जमिनीतच राहिली, तर बुरशी. आणि अख्खा तुकडा सतरंजीसारखा उचलून आला, खाली मुळंच नाहीत, तर हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या.

हुमणीला बुरशी समजणं ही मला सर्वांत जास्त छळणारी चूक. बाणेरला एका काकांच्या बंगल्यात मे महिन्यात टेम्पोभर शेणखत पसरलं होतं, तेही अर्धकच्चं. वळवाचा पाऊस झाला आणि संध्याकाळी कुंपणालगतच्या कडुनिंबावर भुंगेरे घोंघावू लागले. कोणी लक्ष दिलं नाही. ऑगस्टमध्ये डाग पडले. रोपवाटिकेतून सल्ला मिळाला की बुरशी आहे, म्हणून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या तीन आळवण्या झाल्या, म्हणजे औषध पाण्यातून मातीत ओतलं. रोज सकाळी साळुंक्या येऊन लॉन उकरायच्या, तर काकू त्यांना हाकलायच्या. त्या पक्ष्यांना खाली काय आहे ते कळलं होतं. मी गेले तेव्हा गवत दोन्ही हातांनी गुंडाळत नेता आलं. एक फूट लांबी-रुंदीच्या तुकड्याखाली चौदा अळ्या मोजल्या. पांढऱ्या, जाड, तपकिरी डोक्याच्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या. पाच-सहा दिसल्या तरी मी उपाय सुरू करते.

खरी अडचण पुढे होती. हुमणीवर मी मेटारायझियम वापरते आणि ती स्वतःच एक बुरशी आहे. बुरशीनाशक मुरलेल्या मातीत ती टिकत नाही. त्यामुळे तीन आठवडे थांबलो, हाताने वेचून अळ्या काढल्या, आणि तेवढ्यात आणखी एक कोपरा गेला. शिवाय मेटारायझियम लहान अळीवर चांगलं चालतं, म्हणजे जुलैमध्ये, कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल्या मातीत. त्या घरी एक तृतीयांश लॉन नव्याने लावावं लागलं. आता तिथे पहिल्या वळवानंतर रोज संध्याकाळी दिव्याखाली साबणाच्या पाण्याची पाटी ठेवतात. भुंगेरे अंडी घालायच्या आधीच पाटीत पडतात. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच आणा, कितीही स्वस्त मिळालं तरी कच्चं नको.

दुसरी चूक पाण्याची. तपकिरी दिसलं की पाइप सुरू, आणि तोही ऑफिसातून आल्यावर रात्री. काळ्या मातीत पाणी पटकन उतरत नाही, पाती रात्रभर ओली राहतात, आणि पावसाळी उकाड्यात बुरशीला तेवढं पुरतं. पहाटे दव असताना गोल डागाच्या कडेला काळपट, धुरकट वलय दिसलं तर पाणी आधी कमी करा, औषध नंतर. मी लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसते. सहज चार इंच गेला तर त्या दिवशी पाणी नाही. गवताला तहान लागली की पाती मिटतात आणि पावलांचे ठसे उठून राहतात. तेव्हा सकाळी सातच्या आत भरपूर पाणी द्यावं आणि मग दोन दिवस पाइपला हात लावू नये.

दर उन्हाळ्यात त्याच जागी डाग येतो आणि स्क्रू ड्रायव्हर दोन इंचांवर अडतो? खाली बांधकामाचा राडारोडा आहे. खणून काढा, दुसरा उपाय नाही.

युरिया मुठीने फेकू नका. हजार चौरस फुटांना एक किलो पुरे, कोरड्या पात्यांवर आणि लगेच पाणी. घाई करून दुप्पट टाकणाऱ्यांचं लॉन दोन-तीन दिवसांत फेकलेल्या मुठींच्या आकारात जळतं.

मधे मेलेलं आणि भोवती गर्द हिरवं कडं असेल, तर कुत्र्याचं मूत. त्या जागी लगेच बादलीभर पाणी ओता.

एका कापणीत उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. टोकं फाटून पांढरी पडली असतील तर मशीनचं पातं बोथट झालंय.

डिसेंबर-जानेवारीत थंडीने लॉनचं सगळं बर्म्युडा गवत एकसारखं मळकट होतं, तो रोग नव्हे. तेव्हा खत घालून त्याला जागं करायला जाऊ नका.

आणि डागाची जागा भरताना दुसऱ्या जातीच्या गवताचा तयार तुकडा आणून चिकटवू नका, तो वर्षानुवर्षं वेगळा दिसतो. मेलेलं गवत खरवडून अर्धा इंच वाळू-शेणखत पसरा आणि शेजारच्या बर्म्युडाच्या काड्या तोडून तिथे खोचा. पावसाळ्यात पाच-सहा आठवड्यांत जागा भरते. तोवर तिथे कोणाला पाय ठेवू देऊ नका.