यूटाच्या उद्यानांमधून, मित्रांच्या घरांवरून

यूटामधली राष्ट्रीय उद्यानं गाडीने बघायची आणि वाटेत मित्रमैत्रिणींनाही भेटायचं, तर आधी नकाशा उघडू नका. आधी फोन करा.

मी हा प्रवास दोनदा केला. पहिल्या वेळी उद्यानांच्या तारखा पक्क्या केल्या आणि उरलेल्या फटींमध्ये माणसं बसवली. लास व्हेगासच्या मैत्रिणीकडे रात्री ११ ला पोचले आणि सकाळी ६ ला निघालेसुद्धा. कॉलेजनंतर पहिल्यांदाच भेटत होतो. तिने माझ्यासाठी त्या दिवशी रजा टाकली होती, हे मला गाडीत सामान भरताना कळलं. ती दारात उभी राहून हात हलवत होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्या वेळी आधी तिघांना विचारलं, "तुम्ही कधी मोकळे आहात?" त्या तारखा कागदावर मांडल्या आणि मधल्या जागांत उद्यानं भरली. झायनचं उद्यान पुढच्या आठवड्यातही तिथेच असतं, मैत्रिणीची रजा नसते.

एका घरासाठी एक अख्खा दिवस ठेवा, रात्रीपुरतं टेकायला जाऊ नका. त्या दिवशी गाडी लांब चालवायची नाही, हेही ठरवून टाका.

आता अंतरं. लास व्हेगासहून झायन साधारण १६० मैल, झायनहून ब्राइस कॅन्यन ८५, ब्राइसहून कॅपिटॉल रीफ १२०, तिथून आर्चेस आणि कॅन्यनलँड्स उद्यानांजवळचं मोॲब गाव १५० आणि मोॲबहून सॉल्ट लेक सिटी २३५. आकडे छोटे वाटतात, पण फोन जेवढे तास दाखवतो त्याच्या दीडपट धरा. ब्राइसकडून कॅपिटॉल रीफजवळच्या टॉरी गावाला जाणारा हायवे १२ तर घाईने जाण्याचा रस्ताच नाही. बोल्डर गावाच्या अलीकडे तो एका अरुंद कण्यावरून जातो, दोन्ही बाजूंना दरी आणि कठडा नाही. पुढे बोल्डर माउंटनवर तो ९,६०० फुटांवर चढतो. संध्याकाळनंतर हरणं रस्त्यावर येतात, मोकळी गुरंही असतात, त्यामुळे हा टप्पा दिवसाउजेडी संपवा. पुढच्या यजमानाला "जेवायला येतो" असं चुकूनही सांगू नका. "उद्या सकाळी येतो" म्हणा.

यजमानांना बरोबर घ्यायचं असेल तर पासचं गणित समजून घ्या. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास एका खासगी गाडीला आणि तिच्यात बसलेल्यांना चालतो. मैत्रीण स्वतःच्या गाडीने मागून आली तर तिचं प्रवेशशुल्क वेगळं. म्हणून तिची गाडी बाहेर ठेवून तिला तुमच्या गाडीत घ्या. आम्ही लास व्हेगासच्या मैत्रिणीची गाडी झायनच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावात ठेवली. तसंही झायनच्या मुख्य दरीत साधारण मार्च ते नोव्हेंबर शटल चालू असते, तेव्हा खासगी गाड्यांना आत सोडत नाहीत. सकाळी लवकर पोचा, नाहीतर वाहनतळ भरलेला मिळतो. आर्चेसला २०२२ पासून काही हंगाम ठरावीक वेळेचं प्रवेशतिकीट लागत होतं. असे नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा निघण्याआधी प्रत्येक उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघाच.

पायवाट निवडताना सगळ्यात कच्च्या गुडघ्याचा विचार करा. माझ्या या मैत्रिणीचे गुडघे दुखतात. झायनमधल्या एंजल्स लँडिंग या उंच कड्यासाठी परवाना लागतो आणि साखळी धरून चढावं लागतं, ते आम्ही सोडूनच दिलं. त्याऐवजी रिव्हरसाइड वॉक केला. जाऊन-येऊन २.२ मैल, पक्की वाट, शेजारी व्हर्जिन नदी. एका ठिकाणी खडकातून पाणी झिरपत होतं आणि त्या ओल्या भिंतीवर नेचे उगवले होते. ती तळहात भिंतीला टेकवून बराच वेळ उभी राहिली. कितीतरी वर्षांच्या गप्पा त्या वाटेवर झाल्या. चढण असती तर दोघींनाही धाप लागली असती आणि बोलणं राहून गेलं असतं.

सॉल्ट लेक सिटीचा मित्र ब्राइसला आला तो कुत्रा घेऊन. इथे बऱ्याच जणांची फसगत होते, कारण राष्ट्रीय उद्यानांच्या बहुतेक पायवाटांवर कुत्र्यांना बंदी असते. ब्राइसमध्ये सनराइज आणि सनसेट पॉइंटच्या मधली, कड्यावरची फरसबंद वाट चालते. झायनमध्ये फक्त पारूस ट्रेल. मित्राला हे आधीच कळवलं होतं, म्हणून तिघंही कड्यावरून निवांत चाललो. खाली हूडूंची नारिंगी गर्दी. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं आणि खडक फोडत राहतं, त्यातून हे सुळके घडतात. जागा ८,००० फुटांच्या वर आहे, मे महिन्यातही रात्री पारा शून्याखाली जातो. यजमान वाळवंटातून येणार असेल तर त्याला जाड जॅकेट आणायला सांगा.

घड्याळाकडे मात्र नीट लक्ष द्या. फिनिक्सची मैत्रीण मला ॲरिझोनातल्या पेजला भेटणार होती आणि मी यूटातल्या केनॅबमध्ये मुक्कामाला होते. "सकाळी ९ ला" एवढंच ठरलं. यूटा उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं, ॲरिझोना करत नाही. मी वेळेवर पोचले आणि तासभर एकटीच उभी राहिले, कारण तिच्याकडे तेव्हा ८ वाजले होते. त्यात नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या आदिवासी लोकांचा प्रदेश, बराचसा ॲरिझोनात असूनही घड्याळ पुढे करतो, त्यामुळे सीमेजवळ फोनवरची वेळ उड्या मारते. निरोपात वेळेबरोबर राज्याचं नावही लिहा. नेव्हाडाहून यूटात शिरतानाही एक तास जातो. आणि हो, मॉन्युमेंट व्हॅली नवाहो लोकांचं स्वतःचं उद्यान आहे, तिथे राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही.

पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे जवळपास ४ लिटर. कॅन्यनलँड्सला जायचं तर मोॲबमध्येच भरून घ्या, पेट्रोलही तिथेच. जुलै ते सप्टेंबर दुपारी ढग दाटून आले तर अरुंद दऱ्यांत उतरू नका. पाऊस कित्येक मैल लांब पडला तरी पूर तुमच्यापर्यंत येतो.

कॅन्यनलँड्समध्ये वाटेबाहेर काळी, खडबडीत, बुरशीसारखी माती दिसेल. वाकून बघा, पण पाय ठेवू नका. ती जिवंत आहे. सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल मिळून तो थर बनतो, वाळू धरून ठेवतो, आणि एका पावलाने मोडलेला थर पुन्हा जमायला वर्षानुवर्षं लागतात. बरोबरच्या मुलांना हे आधीच सांगा. मित्राच्या मुलीला एकदा समजल्यावर तीच मोठ्यांना अडवत होती.

फोनला रेंज फार ठिकाणी नाही. नकाशे आधीच उतरवून घ्या. पुढच्या घराला निघताना एक निरोप टाका: कुठल्या रस्त्याने येतोय आणि किती वाजेपर्यंत कळवलं नाही तर काळजी करायची. वेळ दोन तास सैल ठेवा, नाहीतर तुम्ही सूर्यास्त बघत उभे असाल आणि तिकडे जीव टांगणीला लागेल.

फळांचा हंगाम असेल तर कॅपिटॉल रीफमध्ये फ्रूटा भागातल्या फळबागांपाशी जरूर थांबा. १८८० च्या दशकात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकऱ्यांनी ही झाडं लावायला सुरुवात केली, आता उद्यान त्यांची निगा राखतं. तोडणीला खुल्या केलेल्या बागेत स्वतः फळं तोडायची, तिथल्या काट्यावर तोलायची आणि पेटीत पैसे टाकायचे. मी सफरचंदं घेतली. सॉल्ट लेक सिटीला मित्राच्या घरी पोचेपर्यंत सगळी गाडी त्या वासाने भरून गेली होती. त्याच्या मुलीने पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि पानासकट आलेलं एक सफरचंद आधी बाजूला काढून ठेवलं.