थर्मलमध्ये उंची हवी असेल तर आधी बँक (वळतानाचा कल) वाढवा

पुण्यात हडपसरला बिनइंजिनाचं ग्लायडर घेऊन विंचवरून (दोराने ओढून हवेत चढवणारं यंत्र) सुटलात की हातात उंची फार नसते, त्यामुळे थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी गरम हवा, लवकर पकडायला लागतो. नांगरलेलं काळं रान, खडीची खाण, पत्र्याची गोडाऊन्स, यांच्यावर वाऱ्याच्या खालच्या बाजूला शोधा, आणि घारी पंख न हलवता फिरताना दिसल्या तर सरळ तिकडेच जा, त्यांचा व्हॅरिओ (चढ-उताराचा वेग आवाजाने सांगणारं यंत्र) आपल्यापेक्षा भारी असतो.

लिफ्ट (वर ढकलणारी हवा) लागली की एक पंख उचलला जातो, ग्लायडर आपोआप दुसऱ्या बाजूला ढकललं जातं आणि आपणही तसेच वळतो, इथेच थर्मल सुटतो. उचललेल्या पंखाकडे वळायचं. पण लगेच नाही, दोन-तीन सेकंद थांबून, म्हणजे कडेवरच गोल मारत बसणार नाही.

आता बँक. बहुतेक नवे लोक २५-३० अंशांवर फिरतात आणि म्हणतात आज थर्मल बेकार आहेत! ९० किमी वेगाला ३० अंशात वर्तुळाची त्रिज्या जवळपास ११० मीटर होते, ४५ अंशात ६५ च्या आसपास, आणि जोर तर मधल्या भागातच असतो. ४५ ला सिंक (खाली उतरण्याचा वेग) थोडा वाढतो, स्टॉल स्पीडही (ज्याच्या खाली पंख ग्लायडर उचलून धरत नाहीत तो वेग) साधारण १९ टक्के वाढतो, म्हणून स्पीड धरून ठेवा, नजर बाहेर ठेवा आणि कॅनॉपीवरचा (कॉकपिटचं पारदर्शक झाकण) लोकरीचा दोरा सरळ राहतोय ना, म्हणजे ग्लायडर बाजूला घसरत नाही ना, ते बघत रहा.

सेंटरिंगला, म्हणजे आपलं वर्तुळ थर्मलच्या मध्यावर आणायला, एकच युक्ती: लिफ्ट सगळ्यात कमी असलेल्या जागेनंतर पाव चक्कर झाली की एक-दोन सेकंद पंख सरळ करा, मग परत बँक. व्हॅरिओ दोन-तीन सेकंद मागे बोलतो, त्यामुळे नुसत्या आवाजावर चालत असाल तर पाव चक्कर व्हायच्या आधीच सरळ व्हायला लागेल. हे प्रत्येक चकरीत थोडं थोडं करत रहायचं, एकदम मोठी उडी मारली की सगळंच हातचं जातं.

वर आधीच कोणी फिरत असेल तर तो ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने, वाद नाही.

किती वर जाल याचा अंदाज खालीच काढा, तापमान वजा दवबिंदू गुणिले १२५ मीटर. एप्रिलात ३८ आणि १४ असेल तर ढगांचा तळ जमिनीपासून ३००० मीटरच्या आसपास, पावसाळ्यात हाच तळ डोक्यावर येतो. तेवढ्या उंचीची परवानगी असेलच असं नाही, ती आधी विचारून ठेवा. आणि तळाजवळ कधीकधी लिफ्ट अचानक वाढते, तेव्हा खूश होऊन फिरत बसू नका, ढगात शिरायच्या आधी नाक खाली करून बाहेर पडा.