बुडतंय की तरंगतंय? पोरांना घरच्या घरी दाखवायचा खेळ

३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी याच्याइतका स्वस्त खेळ नाही, फक्त एक करा, "जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं" असं आधीच सांगून टाकू नका प्लीज, ते चूक आहे आणि एकदा डोक्यात बसलं की निघता निघत नाही.

आंघोळीच्या आधीची वेळ बरी, कपडे तसेही भिजणारच. टब अर्धा भरा आणि पोरांनाच घरभर फिरून वस्तू आणू देत, चमचा, बटाटा, सफरचंद, खोडरबर, दगड, काय वाट्टेल ते (मोबाईल तेवढा लपवा). प्रत्येक वस्तू टाकायच्या आधी विचारायचं, काय वाटतं, बुडेल का? चुकलं तरी "नाही रे" म्हणायचं नाही, टाकू दे आणि बघू दे.

बटाटा बुडतो आणि त्याच्याहून मोठं सफरचंद मस्त तरंगतं, कारण त्यात बरीच हवा असते. सीझन असेल तर आख्खं कलिंगड सोडा, ते तरंगतं आणि शेजारी टाकलेलं एक रुपयाचं नाणं तळाला, इथे मुलं जाम गोंधळतात, गोंधळू द्या, लगेच लेक्चर नको. संत्रं सालीसकट तरंगतं, सोललं की बहुतेक वेळा बुडतं, एखादं ऐकत नाही.

माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे खेळायचा क्ले. गोळा टाकला की गेला खाली, त्याच गोळ्याची पातळ वाटी केली की तरंगते, वजन तेवढंच! वाटी पसरट असल्याने जास्त पाणी बाजूला सारते, आणि तेवढं पाणी तिला वर उचलून धरतं, ५-६ वर्षांच्या मुलाला हे कळतं, त्याहून लहान असेल तर नुसती मजा बघू दे. मग वाटीत एकेक राजमा टाकत जा, कितव्याला बुडते ते त्यालाच मोजू दे.

अंड्याचं पण करा, साध्या पाण्यात ताजं अंडं बुडतं, ग्लासभर पाण्यात ३-४ मोठे चमचे मीठ विरघळवलं की वर येतं. भाताचं बी पेरायच्या आधी असंच करतात, १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून बी टाकायचं, पोचट दाणे वर येतात ते काढायचे. गावी भातशेती असेल तर जूनच्या आसपास प्रत्यक्षच दाखवा.

आणि हो, पाण्याजवळ मूल एकटं नको, अगदी वीतभर पाणी असलं तरी. फोन आला तर पोराला उचलून सोबत न्या, खेळ झाला की टब लगेच ओतून टाका, आणि नाणं न राजमे मोजून परत घ्या, तोंडात जातात.