सायकलच्या विम्यासाठी कुलूप घेताय? आधी तारे मोजा

नेदरलँड्समध्ये नवी सायकल घेऊन तिचा चोरीविमा काढणार असाल, तर कुलपाच्या किमतीआधी त्यावरचा 'एआरटी' शिक्का बघा. कुलूप चोरीला किती दाद देत नाही, हे ताऱ्यांत सांगणारी ही तिथली दर्जाखूण; जितके तारे जास्त, तितकं कुलूप भक्कम. तिथल्या बहुतेक विमा कंपन्या सायकलसाठी किमान दोन तारे मागतात. तीन आणि त्यापुढचे तारे मुख्यतः स्कूटर-मोटरसायकलसाठी. तितकं जड धूड रोज वागवायची गरज नाही. एकाच कंपनीची दोन सारखी दिसणारी कुलपं वेगळ्या दर्जाची निघू शकतात, म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव एआरटीच्या यादीत शोधाच.

मागच्या चाकाला बसवलेलं रिंग-कुलूप लावलं, तरी चोर अख्खी सायकल उचलून टेम्पोत टाकू शकतो. त्यामुळे जोडीला साखळी घ्या आणि ती खांबात किंवा स्टँडच्या लोखंडी दांड्यात अडकवा. किती कुलपं हवीत, खांबाला बांधणं सक्तीचं आहे का, हे मात्र आपल्या पॉलिसीतच वाचा. प्रत्येकीची अट वेगळी असते.

आणि किल्ल्या! सायकल चोरीला गेल्यावर पोलिसांतल्या तक्रारीबरोबरच कंपनी कुलपाच्या मूळ किल्ल्या मागते, बहुतेकदा दोन्ही. एक हरवलेली असेल तर दावा अडकतो. मी दुसरी किल्ली पहिल्याच दिवशी कुलपाच्या पावतीसोबत पाकिटात घालते, पाकिटावर सायकलचा फ्रेम नंबर लिहिते आणि ते पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवते. किल्लीवर कोरलेल्या नंबराचा फोटोही काढून ठेवा.