कामगारांचा प्रश्न विधानभवनात न्यायचा, तर तो लिहायचा कसा?

कामगार संघटना, सोसायटीतले सुरक्षा रक्षक, दुकानांतले नोकर, अगदी छोट्या व्यापाऱ्यांची संघटनासुद्धा आमदारांकडे जाते ती चार पानांचं निवेदन घेऊन. आमदार ते वाचतात, स्वीय सहायकाकडे देतात आणि ते फायलीत जातं. निवेदनासोबत, आमदारांनी विधिमंडळात मंत्र्यांना विचारायच्या प्रश्नाचा तयार मसुदा दिला, तर काम पुढे सरकण्याची शक्यता बरीच वाढते. स्वीय सहायकाला तो फक्त टंकून सादर करायचा असतो.

पहिलं काम, प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला हे ठरवणं. मुंबईत इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. भविष्य निर्वाह निधी, रेल्वे, बंदर, बँका हे केंद्राचं क्षेत्र, म्हणजे प्रश्न खासदारांमार्फत. लोकसभेत किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो. कामगार विम्याची रुग्णालयं तर दोन्हीकडे विभागलेली आहेत. अंधेरी-मरोळचं रुग्णालय केंद्राचं महामंडळ थेट चालवतं, परळ आणि मुलुंडची राज्याकडे आहेत, तीही कामगार विभागाकडे नाही तर सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. परळच्या औषधांच्या टंचाईचा प्रश्न कामगार मंत्र्यांना विचारला, तर तो दुसऱ्या विभागाकडे वर्ग होण्यातच वेळ जातो. दुकाने व आस्थापना कायद्याची अंमलबजावणी राज्यात इतरत्र कामगार आयुक्तालय पाहतं, पण मुंबईत ती महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे आहे. त्यामुळे मुंबईतल्या दुकानांची आकडेवारी मागायला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात खेटे घालण्यापेक्षा महापालिकेचं विभाग कार्यालय गाठा.

उद्योगांना दिलेल्या सवलतींचा प्रश्न असेल, तर तो उद्योग मंत्र्यांना. सामूहिक प्रोत्साहन योजनेचा लाभ घेणाऱ्या उद्योगांवर स्थानिकांना ८० टक्के रोजगार देण्याची अट असते. ‘किती घटकांची तपासणी झाली, किती जणांनी अट पाळली नाही, त्यांचं प्रोत्साहन रोखलं का’ हे तिथे विचारता येतं. त्याच कारखान्यात किमान वेतन मिळतं का, हा वेगळा प्रश्न आणि तो कामगार मंत्र्यांना. दोन्ही एकात कोंबू नका.

कायद्याचं नाव तपासून लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे २९ कामगार कायदे चार संहितांत विलीन झाले आहेत. किमान वेतनाबद्दल लिहिताना १९४८ च्या अधिनियमाचं कलम दिलंत, तर उत्तरात मूळ मुद्दा सोडून त्यावरच बोट ठेवायला वाव मिळतो. तिथे वेतन संहिता, २०१९ लिहायला हवं. राज्याचे स्वतःचे कायदे मात्र या २९ मध्ये नाहीत. माथाडी कायदा १९६९ चा, खासगी सुरक्षा रक्षकांचा १९८१ चा, घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा आणि दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा, हे स्वतंत्र आहेत.

आता मसुदा. विधिमंडळाच्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे आणि तो मोडण्यात काही शहाणपण नाही. पहिल्या भागात वस्तुस्थिती आणि शेवटी ‘हे खरे आहे काय’. दुसऱ्यापासून ‘असल्यास’. शेवटच्या भागात ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. साचा सोपा दिसतो, पण सगळा डाव पहिल्या भागावर असतो. त्यात एक जरी गोष्ट चुकली किंवा अतिशयोक्त झाली, तर उत्तर येतं, ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ तीन महिन्यांची मेहनत दोन ओळींत संपते, आणि उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने काही खोटं सांगितलेलंही नसतं.

म्हणून पहिला भाग असा लिहा की तो नाकारताच येऊ नये. ‘मुंबईतील दुकानदार कामगारांची सर्रास पिळवणूक करतात, हे खरे आहे काय’ हे नाकारायला एक मिनिट पुरतं. त्यात मत आहे, आरोप आहे, त्यामुळे मुळात तो दाखल करून घेतला जाण्याचीच शंका. त्याऐवजी शासनानेच केलेली गोष्ट तिथे ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल मंजूर केले. दिवसाचे कामाचे तास ९ वरून १०, तिमाहीतली अतिकालिक कामाची (ओव्हरटाइमची) मर्यादा १२५ वरून १४४ तास, आणि कायदा लागू होण्यासाठी कामगारसंख्या १० ऐवजी २०. उद्योग-व्यवसाय सुलभ व्हावा हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. यावरचा प्रश्न असा उभा करता येईल:

सन्माननीय कामगार मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-
(१) महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मधील तरतुदी १० ऐवजी २० वा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू करण्याच्या बदलास माहे सप्टेंबर, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, या बदलापूर्वी बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे १० ते १९ कामगार असलेल्या किती आस्थापनांची नोंद होती व त्यांत किती कामगार कार्यरत होते,
(३) असल्यास, सदर कामगारांना साप्ताहिक सुट्टी, दुप्पट दराने अतिकालिक भत्ता व भरपगारी रजा मिळण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

यात ‘वा त्यादरम्यान’ हे दोन शब्द फार कामाचे आहेत. तारीख चार दिवसांनी इकडेतिकडे झाली, तरी त्या कारणाने ‘हे खरे नाही’ म्हणता येत नाही. बदलाचा मजकूर राजपत्रातून घ्या, वर्तमानपत्रातून नको. आणि दुसऱ्या भागात आकडा मागितला आहे, मत नाही. आकड्याच्या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणून भागत नाही.

तुमच्याकडे शासनाचा निर्णय नसेल, फक्त तक्रार असेल, तर आधी तीच कागदावर आणा. संबंधित कार्यालयात निवेदन द्या, पोचेवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. मग पहिल्या भागात ‘याबाबतचे निवेदन अमुक दिनांकास सहायक कामगार आयुक्तांकडे देण्यात आले’ असं लिहिता येतं. शिक्का असल्यावर ते कोण नाकारणार? आकडे माहितीच्या अधिकारात मिळवा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून निरीक्षकांची मंजूर व रिक्त पदं एका अर्जात आणि खटल्यांची संख्या दुसऱ्यात.

औद्योगिक किंवा कामगार न्यायालयात चालू असलेल्या खटल्याच्या गुणदोषांवर प्रश्न चालत नाही. त्याच विषयावर मुंबईत किती तक्रारी प्रलंबित आहेत, तपासणी किती झाली, हे मात्र विचारता येतं. एकट्या कामगाराचं गाऱ्हाणंही प्रश्न म्हणून टिकत नाही. त्याच्यासारखे किती आहेत ते शोधा. मालकाचं किंवा ठेकेदाराचं नाव घालायचा मोह आवरा.

मसुदा कोणाकडे द्यायचा? तुमच्याच मतदारसंघातले आमदार हवेत असं नाही. मंत्री स्वतः प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे तुमचे आमदार मंत्री असतील, तर दुसरे गाठावेच लागतात. मुंबईत विधानसभेचे ३६ आमदार आहेत, शिवाय विधान परिषदेचे सदस्य. एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं छापली जातात, तेव्हा दोन-तीन पक्षांच्या सदस्यांना तोच मसुदा द्या आणि प्रत्येकाला तसं सांगूनही ठेवा, नाहीतर पुढे रुसवेफुगवे होतात. प्रश्न स्वीकारण्याची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते. मुंबईत अर्थसंकल्पीय आणि पावसाळी, नागपुरात हिवाळी, यांपैकी कोणतंही अधिवेशन धरा आणि दोन महिने आधी मसुदा पोचवा. माहितीच्या अधिकाराचा महिना त्याच्याही आधीचा.

तारांकित प्रश्न सगळ्यांनाच हवा असतो, कारण त्यावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात. पण प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले पहिले काही प्रश्नच चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं नुसती छापील राहतात. आकडेच हवे असतील, तर अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा प्रश्न बरा. मुदत उलटल्यावर एखादा अपघात झाला, कारखाना अचानक बंद पडला, तर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधणं, हा मार्ग आहे.

प्रश्न यादीत वर आला, तर आमदारांना एक पानाचं टिपण द्या. त्यात फक्त तीन उपप्रश्न, मोठ्या अक्षरांत, प्रत्येकी दोन ओळींत. पहिला आकड्यावर, दुसरा मुदतीवर, तिसरा जबाबदार अधिकाऱ्यावर. पाच-सहा दिलेत, तर मंत्री सगळ्यात सोप्या प्रश्नाचं उत्तर देऊन खाली बसतात.

उत्तर आल्यावर त्यातली क्रियापदं बघा. ‘करण्यात येईल’ हे आश्वासन आहे, ‘विचाराधीन आहे’ हे नाही. त्यामुळे ‘विचाराधीन’ म्हटल्याबरोबर ‘किती दिवसांत निर्णय घेणार’ हा उपप्रश्न तिथल्या तिथे यायला हवा, हे आमदारांना आधीच सांगून ठेवा. मंत्र्यांनी सभागृहात मुदत दिली आणि ती टळली, तर कामकाजाच्या अहवालातला तेवढा उतारा काढून संबंधित आमदारांमार्फत, मंत्र्यांची आश्वासनं पाळली गेली का हे पाहणाऱ्या विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे पाठवा, सोबत मूळ निवेदनाची शिक्क्याची प्रत जोडून.